बॅरिस्टरसाहेबांचे टपाल

बेवारस मरण्याची चैन कोकणातल्या माणसाला आजवर परवडलेली नाही. ज्याच्या पश्चात साडेतीन गुंठे वरकस जमीन, चिऱ्याच्या पडक्या गडग्याचा एक तुकडा आणि सामाईक फणसातला दोन आणे हिस्सा एवढीच मिळकत उरली, अशा इसमाच्या बाराव्यालासुद्धा मुंबई, पुणे आणि बेळगावहून इतके वारस रुजू होतात की पत्रावळी मोजणाऱ्याची त्रेधा उडते. आणि ज्यांना येणे जमले नाही त्यांची नावे सातबाराच्या उताऱ्यावर पुढची पन्नास वर्षे सुखाने नांदतात. अशा मुलखात, मालवणपासून फार दूर नसलेल्या एका वाडीत, माडांच्या झावळ्यांतून ठेचकाळत येणाऱ्या मोबाइलच्या लहरींवर स्वार होऊन, पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या लोमे नामक राजधानीतले कोणी बॅरिस्टरसाहेब जेव्हा ईमेलने कळवितात की, आपल्याच आडनावाचा एक धनाढ्य अभियंता सहकुटुंब विमान-अपघातात निवर्तला असून त्याने बँकेत ठेवलेल्या एक कोटी पाच लाख डॉलरांना जगाच्या पाठीवर एकही वारस नाही, तेव्हा त्या मजकुरातील रकमेपेक्षा, विमानापेक्षा आणि बॅरिस्टरीपेक्षाही अविश्वसनीय भाग कोणता, हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सज्ञान माणसाला सांगावे लागत नाही.

आमच्या वाडीत ज्यांना लहानथोर सगळेच आबा म्हणतात त्या वयोवृद्ध गृहस्थांना हे पत्र त्यांच्या नातवाने पडवीत बसून, मराठीत उलगडत, सावकाश वाचून दाखविले. आबांच्या आयुष्याचा बराचसा काळ दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात गेलेला आहे. दाव्याचा निकाल लागला तर पुढे वेळ कसा घालवावा, अशी चिंता त्यांना अधूनमधून ग्रासते. त्यांनी पान जमवीत संपूर्ण मजकूर ऐकून घेतला, सुपारीचे खांड तोंडात टाकले, आणि एकाच वाक्यात प्रकरण निकाली काढले: "एकय वारस नाय? मगे तो आमच्यातलो न्हय रे."

तथापि मिळकतीचा विषय एकदा निघाल्यावर तो अर्धवट सोडणे आबांच्या स्वभावात नसल्यामुळे त्यांनी तेथल्या तेथे उत्तराचा मसुदा सांगावयास प्रारंभ केला. आपले पत्र पावले, मजकूर समजला. परंतु मयत इसम थोरल्या घरातला की धाकट्या, त्याचे मूळ गाव आणि कुलदैवत कोणते, आणि पूर्वी झालेल्या वाटपात त्याच्या आजोबांनी सही केली होती की केवळ अंगठा उठविला होता, याचा कोणताही खुलासा आपल्या पत्रात आढळत नाही. मयताचा मृत्युदाखला सोबत जोडलेला नाही. वारस दाखल्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियम आठ अन्वये न्यायालयात अर्ज करावा लागतो, हरकती मागविणारे जाहीर प्रकटन लावावे लागते, ते लागले आहे किंवा कसे, हेही आपण कळविलेले नाही. सबब आपणांस याद्वारे असे कळविण्यात येते की... येथवर नातवाने टंकलेखन केले आणि पुढे, कुठल्याशा शहाण्या माणसाकडून ऐकलेला उपदेश आठवून, ते पत्र पाठविण्याऐवजी पुसून टाकले. असल्या पत्रांना शिवी देण्यासाठीही उत्तर धाडू नये. उत्तर आले म्हणजे या पत्त्यावर कोणी जिवंत माणूस वास करतो एवढी खातरजमा पलीकडल्या इसमाची होते आणि मग त्याचे सारे गोत्र आपल्याला पत्रे लिहू लागते. परंतु बॅरिस्टरसाहेबांच्या हाती तो मसुदा लागला असता तर त्यांनी वकिलीची सनद परत केली असती, असा माझा तर्क आहे.

बॅरिस्टरसाहेबांची दुसरी अट याहून बिकट असते. हा व्यवहार अत्यंत गोपनीय ठेवावा, सख्ख्या भावालाही कळू देऊ नये, असे ते बजावतात. ज्या वाडीत सकाळी एकाने सुरमई घेतली की बांगडा, आणि घेतली तर रोखीने की उधारीने, हे दहाच्या आत सर्वतोमुखी झालेले असते, तेथे कोटी डॉलरांची वार्ता दाबून ठेवण्याची अपेक्षा करणारा माणूस लोमेचा असो वा लंडनचा, कोकणात कधी राहिलेला नाही एवढे निश्चित. खरे पाहता आबांना रकमेची भीती वाटत नव्हती. रक्कम आल्याचे भावकीला कळण्याची वाटत होती. पैसे आलेच तर त्यांत आपलाही पोटहिस्सा असल्याचे सांगणारी मंडळी पहाटेच्या गाडीने कणकवली स्थानकावर उतरतील, आणि चालू दाव्यांत एका नव्या दाव्याची भर पडेल, ही त्यांची भविष्यवाणी मला सर्वस्वी ग्राह्य वाटली.

एका बाबतीत मात्र हे टपाल आमच्या अनुभवाशी चमत्कारिकपणे जुळते, आणि तेथेच सावध राहावयास हवे. कोटी डॉलर हाती येण्यापूर्वी मुद्रांकाचे काही, कराचे काही, बँकेच्या साहेबाच्या हातावर ठेवावयाचे काही, अशी किरकोळ रक्कम वारसाने आगाऊ भरावयाची असते. ती भरली की आणखी एक अनपेक्षित अडचण उपस्थित होते, ती निवारण्यास आणखी एक रक्कम लागते, आणि हा क्रम वारसाचा खिसा अथवा धीर संपेपर्यंत चालतो. मिळावयाच्या वस्तूच्या आशेवर, तिच्या किमतीहून अधिक द्रव्य, पिढ्यानपिढ्या, तारखेमागून तारखेला खर्ची घालणे हा प्रकार ज्याला नवा आहे त्याने बॅरिस्टरसाहेबांना हसावे. आमच्यातल्या पुष्कळांना तो अधिकार नाही.

हा धंदा संगणकाबरोबर जन्मास आला असा एक समज आहे, तो चुकीचा होय. फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. प्रथम गुन्हेगार, मग पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख, आणि त्यानंतर ग्रंथकार, असा त्याचा चढता वा उतरता क्रम होता. १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या आठवणींत त्याने तुरुंगातील बंदिवानांच्या एका पत्रोद्योगाचे वर्णन केले आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळालेल्या कोणा सरदाराचा मी इमानी सेवक, धन्याच्या जडजवाहिराची पेटी अमक्या ठिकाणी पुरली आहे, ती काढण्यास तूर्त थोड्या पैशांची नड आहे, अशा अर्थाची पत्रे गावोगावच्या सधन लोकांना जात. आणि शंभर पत्रांतील वीस पत्रांना उत्तरे येत असत, असे विदोक सांगतो. पुढे त्याच शतकात स्पेनच्या तुरुंगातील उमराव कैदी, त्याचा दडविलेला खजिना आणि त्याची उपवर कन्या अशी आकर्षक जोडणी होऊन तीच पत्रे इंग्लंड-अमेरिकेत जाऊ लागली. आजच्या बॅरिस्टरसाहेबांनी उमरावाचा अभियंता केला आणि घोड्याचे विमान केले. कन्या मात्र वगळली, हे उणेच म्हणावयाचे.

नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील कलम ४१९ वरून हा गुन्हा जगभर त्या आकड्याने ओळखला जातो. आणि आपल्या भारतीय दंडसंहितेतही तोतयेगिरी करून फसविण्याचे कलम नेमके ४१९ च असावे, हा योगायोग फलज्योतिष्यांनी विचारात घेण्याजोगा आहे. आता १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत सगळे आकडे बदलले, तोतयेगिरी ३१९ वर गेली आणि फसवणूक ३१८ वर. तरी आमच्या तिठ्यावर भामट्याला अद्याप चारशेवीसच म्हणतात, कारण सरकारी राजपत्र तेथवर पोचण्यास काही काळ जावा लागतो.

त्या नायजेरियन परंपरेचा मुकुटमणी म्हणजे इमॅन्युएल न्वुदे. या महापुरुषाने १९९५ ते १९९८ या काळात, नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याची बतावणी करून, ब्राझीलमधील बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून राजधानी अबुजा येथे बांधावयाच्या नव्या विमानतळापोटी २४ कोटी २० लाख डॉलर उकळले. विमानतळ अर्थातच कोठेही नव्हता. ही हकीकत सांगितली तेव्हा जगातील इतर श्रोत्यांना आश्चर्य वाटले असेल. सिंधुदुर्गात मात्र प्रतिक्रिया निराळी झाली. आमच्या परुळे-चिपीच्या पठारावरचा विमानतळही कित्येक वर्षे केवळ भाषणांतून आणि वृत्तपत्रांतून उड्डाणे करीत होता, आणि अखेर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे खरोखरीचे उद्घाटन होऊन खरोखरीचे विमान उतरले तेव्हा, ते पाहावयास गेलेल्या काही मंडळींनी धावपट्टीला हात लावून खात्री करून घ्यावी, अशी अनावर इच्छा आपल्याला झाल्याचे मजजवळ बोलून दाखविले. न दिसणाऱ्या विमानतळावर श्रद्धा ठेवण्याचा सराव ब्राझीलच्या त्या अधिकाऱ्यापेक्षा आम्हांस अधिक होता. फरक इतकाच की आमच्याकडे त्यासाठी कोणी डॉलर मागितले नव्हते, आणि मागितले असते तरी आम्ही आधी सातबारा मागितला असता.

मागल्या पिढीला या प्रकाराची तोंडओळख पोस्टकार्डावरून झाली होती. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा चित्रपट गाजला आणि त्यानंतर, हे पत्र मिळताच अशीच अमुक इतकी पत्रे लिहून पाठवा, पाठविणाऱ्याला लॉटरी लागली, फाडणाऱ्याची म्हैस मेली, अशा मजकुराची कार्डे घरोघर येऊ लागली. पण त्या काळच्या उपद्रवाला निदान कष्टाची मर्यादा होती; दुसऱ्याला भय घालण्यासाठी स्वतःच्या पैशाने कार्डे आणून, बोटे दुखेपर्यंत ती लिहावी लागत. ती मर्यादा अमेरिकेत ३ मे १९७८ रोजी संपली. त्या दिवशी गॅरी थर्क नामक एका विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकाची जाहिरात सुमारे चारशे माणसांना एकाच फटक्यात संगणकावरून पाठविली. कोणीही न मागितलेले ते पहिले घाऊक टपाल. लोक संतापले, तंबी मिळाली. परंतु मालही खपला, आणि खपलेल्या मालापुढे तंबीचे काही चालत नाही.

आता प्रश्न असा की, ज्या पत्राला आमचे आबा पानाचा विडा पुरा होण्याच्या आत फेटाळतात, ते इतके बावळट लिहिण्याचे प्रयोजन काय? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक निबंध लिहून याचे जे उत्तर दिले, ते वाचून मला बॅरिस्टरसाहेबांविषयी प्रथमच आदर वाटला. पत्र पाठविण्यास खर्च नाही. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करून त्याला पैसे भरण्याच्या टोकापर्यंत आणण्याचा. हा खर्च अखेरच्या क्षणी बिथरणाऱ्या संशयी माणसावर वाया जाऊ नये, म्हणून पत्रच असे लिहावयाचे की ज्याला थोडीही अक्कल आहे तो पहिल्या ओळीलाच निसटावा आणि मागे केवळ खरा भाबडा उरावा. एखाद्या कोळ्याने जाळ्याची भोके मुद्दाम मोठी ठेवून बारीक मासळी जाऊ द्यावी, त्यांतलाच हा प्रकार. आपण निसटलो याचा आनंद मानणाऱ्या मासळीने, आपण त्याच्या हिशेबातच नव्हतो, हेही ध्यानात घ्यावे.

शुद्धलेखनाचे माहात्म्य या विद्येत किती मोठे आहे, हे शाळेत ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या समाधानार्थ सांगतो. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत नोकरीच्या अर्जाचे सोंग घेऊन आलेल्या ईमेलमधून चोर शिरले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी तिच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर हलविण्याचे हुकूम सोडले. त्यांपैकी श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी अडले, कारण हुकमात 'फाउंडेशन' हा शब्द लिहिणाऱ्याने 'फँडेशन' असा लिहिला होता आणि मधल्या बँकेला शंका आली. आठ कोटी दहा लाख मात्र फिलिपाइन्सला पोचले. एका स्वराची किंमत दोन कोटी डॉलर, असा दाखला जगातील अन्य कोणत्या व्याकरणकाराला मिळाला असेल असे वाटत नाही.

लोमेचे बॅरिस्टर परके म्हणून आपण त्यांना हसलो. पण अलीकडे स्वदेशी मंडळी या क्षेत्रात उतरली आहेत, आणि त्यांचीही प्रथम आमच्याकडे फजितीच झाली. आपले पार्सल वखारीत येऊन पडले आहे, पत्ता अपुरा असल्याने पोचविता येत नाही, अठ्ठेचाळीस तासांच्या आत पुढील लिंकवर पत्ता दुरुस्त करावा, असे निरोप टपाल खात्याच्या नावाने येऊ लागले. टपाल खाते असे निरोप पाठवीत नाही, हे सरकारने जाहीर केले आहे. पण आमच्या किनाऱ्यावर त्या खुलाशाची आवश्यकताच नव्हती. येथे 'तिठ्यावरल्या दुकानाच्या पाठीमागे, विहिरीकडे' एवढ्या पत्त्यावर पत्रे पोचतात. माणूस मुंबईस गेला असेल तर ते पोस्टमनला पत्राच्या आधी ठाऊक असते, आणि तो देवळात भेटला तर पत्र देवळात, बाजारात भेटला तर बाजारात हाती पडते. योगायोग असा की हा निरोप आमच्या पोस्टमनच्याच मोबाइलवर येऊन थडकला. त्याने सायकल माडाला टेकविली, चष्मा कपाळावर चढविला, पडदा डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला, आणि अपमानाने लाल होऊन समस्त वाडीला विचारले, "माझो पत्तो अपुरो? मगे पुरो कोणाचो?"

विजेच्या निरोपाची कथा याहून करुण. मागील महिन्याचे बिल जमा न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, तरी ताबडतोब अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, हा मजकूर २०२२ पासून महाराष्ट्रभर हिंडतो आहे. तो आबांकडे आला तो आषाढात, मुसळधार पावसात, कुठेतरी तारेवर आंबा पडून सायंकाळपासून वाडी अंधारात बुडालेली असताना. नातवाने बॅटरीच्या उजेडात वाचून दाखवताच आबा अंधारातून कडाडले, "आधी हाडा म्हणा, मगे तोडा!"

येथे मला माझा सूर थोडा बदलावासा वाटतो. कारण हा निरोप पहिल्या दोहोंसारखा बावळट नाही. डॉलरांवर आमच्या मुलखाचा विश्वास बसत नाही, पण वीज जाण्यावर बसतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांनी दिवसचे दिवस काळोखात काढले. तेव्हापासून फ्रीजमधल्या मासळीची आणि विहिरीवरल्या पंपाची काळजी घरोघर मुक्कामाला आहे. ज्या गृहस्थाचे बिल त्या दिवशी खरोखरच थकलेले असते, आणि ज्याचे मुलगे मुंबईत असून घरात म्हातारा-म्हातारी दोघेच असतात, तो त्या क्रमांकावर दूरध्वनी करतो. पलीकडला 'साहेब' मायाळू असतो. फक्त दहा रुपये भरा म्हणतो, त्यासाठी मोबाइलवर एक ॲप घ्या म्हणतो. त्या ॲपमधून आपला सारा पडदा त्याला तिकडे दिसू लागतो, आणि दहा रुपये भरताना दाबलेली गुप्त अक्षरेही दिसतात. दिवाणी दाव्यांत तीन पिढ्या मुरलेला, कागदावरचा खाडाखोडीचा डाग चष्म्याशिवाय ओळखणारा माणूस येथे पाच मिनिटांत नागविला जातो, कारण कागदच नसतो.

आणि आता तर 'फँडेशन'चाही भरवसा उरला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेली अलीकडची पत्रे ऱ्हस्व-दीर्घासह निर्दोष मराठीत येतात. कित्येकदा ती आपल्याहून शुद्ध असतात, आणि ज्या सरकारी पत्रात एकही चूक नाही ते सरकारी नव्हे, अशी नवी कसोटी वापरण्याची वेळ आली आहे. पोलिसी गणवेश चढवून, मोबाइलच्या पडद्यावरून 'डिजिटल अटक' करणारे इसम तर लोभाला हातच घालीत नाहीत. ते अब्रूला हात घालतात. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगावे लागले. आमच्याकडे शेतात नांगर घालण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत ज्याला त्याला देवापुढे कौल लावण्याची चाल आहे. लिंक दाबण्यापूर्वीही तो लावावा, अशी सूचना एका गावकऱ्याने केली तेव्हा लोक हसले. मला तिच्यात हसण्याजोगे काही दिसले नाही. उजवा कौल मिळेपर्यंत जो अर्धा दिवस जातो, तेवढ्यात भामट्याचा धीर सुटतो. घाई हेच त्याचे सारे भांडवल.

म्हणून चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती. गणपतीचे मखर बांधून झाले आणि भजनाला अवकाश असला, म्हणजे आईवडिलांजवळ अर्धा तास बसावे, त्यांच्या मोबाइलमध्ये कोणकोणती ॲप्स घर करून राहिली आहेत ती पाहावीत, ज्यांचे नाव आपणांसही ठाऊक नाही ती काढून टाकावीत, आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तासाभरात १९३० या क्रमांकावर कळवा, रक्कम मध्येच गोठविली जाण्याचा संभव असतो, असे त्यांना मालवणीत समजावून सांगावे. तो क्रमांक मोबाइलमध्ये साठवून उपयोग नाही, कारण ऐन वेळी तो सापडत नाही. वीजमीटरच्या फळीवर खडूने ठळक लिहून ठेवावा. तेथे वायरमन, गॅसवाला आणि भटजी यांचे क्रमांक आहेतच, चौथ्यापुरती जागा निघेल.